गायक नट आणि पदांची मोजदाद

नव्या संगीत नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रांत झळकली कीं घरोघरीं पहिला प्रश्न विचारला जातो तो कथानकाविषयीं नसतो. नाटक कोणी लिहिलें, तें पौराणिक कीं सामाजिक, शेवट गोड कीं दुःखाचा, या चौकशा मागाहून होतात. मुख्य भूमिकेंत कोण आहे हें कळलें, आणि तो नट आवडता गायक असला, कीं लगेच विचारणा होते: त्याला पदें किती आहेत? दहाबारा आहेत असें उत्तर आलें तर चेहरे उजळतात. तीनच आहेत असें कळलें तर तिकिटें काढावीं कीं नाहीं याचा फेरविचार सुरू होतो.

या प्रश्नाची थट्टा करणें सोपें आहे. मेजवानीला जाऊन पानांतल्या जिलब्या मोजणारा आणि नाटकाला जाऊन पदें मोजणारा हे एकाच जातीचे, असें एखादा टीकाकार म्हणेल. परंतु जो मनुष्य पदरचे पैसे खर्च करतो आणि कुटुंबासह एक संध्याकाळ राखून ठेवतो, त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार निश्चित आहे. शिवाय मराठी संगीत रंगभूमीच्या जवळजवळ दीडशें वर्षांच्या वाटचालींत या एका प्रश्नाला प्रत्येक पिढीनें निराळें उत्तर दिलेलें आहे. आणि त्या त्या उत्तराप्रमाणें नाटकाचें रूप, नटाचें आयुष्य व मंडळीचें नशीब घडत किंवा मोडत गेलें आहे. तेव्हां हा प्रश्न थट्टेवारी न नेतां त्याचा थोडा विचार करणें योग्य ठरेल.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. त्या काळच्या खेळांत, आणि पुढेंही बरींच वर्षें, पदें म्हणण्याचें काम मुख्यतः सूत्रधाराकडे असे. पात्रें हावभाव करीत, प्रसंग पाहून भाषणेंही करीत; पण राम दुःखी आहे हें गाऊन सांगावयाचें तें सूत्रधारानें. अशा रंगभूमीवर आवडत्या नटाला पदें किती, हा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. तो उद्भवला १८८० सालीं. त्या वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यास केला, आणि गाणें सूत्रधाराच्या मुखांतून काढून पात्राच्या मुखांत घातलें. शकुंतलेचें दुःख आतां शकुंतलाच गाऊं लागली. हा बदल वरकरणी लहान दिसतो. परंतु गायक नट या प्राण्याचा जन्म त्यांतूनच झाला.

'शाकुंतला'तील पदांची संख्या दोनशेंच्या घरांत जाते. १८८२ सालच्या 'सौभद्रां'तही शंभराच्या वर पदें आहेत. आजच्या प्रेक्षकाला हे आंकडे ऐकून धडकी भरेल. दोनशें पदें गावयाचीं तर नाटक संपावयाचें केव्हां? याचें उत्तर त्या पदांच्या जातींत आहे. त्यांतील पुष्कळशीं पदें म्हणजे साक्या, दिंड्या आणि तशाच लहान लहान रचना होत. साकी दोनचार श्वासांत आटोपते. ती म्हणतांना नट जागेवरून हलला नाहीं तरी संभाषण पुढें सरकलेलें असतें. एकानें साकींत विचारावें आणि दुसऱ्यानें दिंडींत उत्तर द्यावें, असा तो प्रकार होता. चाली घरोघरच्या ओळखीच्या, कीर्तनांतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या. म्हणजे किर्लोस्करांच्या नाटकांत गाणें हें बोलण्याचेंच एक अंग होतें. मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर आणि पुढें भाऊराव कोल्हटकर यांच्यासारखे सुरेल नट मंडळींत होते. परंतु त्यांनाही पद म्हणजे थांबण्याची जागा नव्हती. गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ सालच्या 'शारदे'त हेंच शहाणपण राखलें. वृद्धाच्या गळ्यांत बांधली जाणारी मुलगी जें बोलेल, तेंच ती गाते. आणि तिचें गाणें तिच्या वयाला शोभेल इतकें सरळ आहे.

यानंतरची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. पदांची संख्या उतरत गेली आणि गाणें मात्र वाढत गेलें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'वीरतनया'पासून, म्हणजे १८९६ पासून, पारशी व उर्दू रंगभूमीवरच्या चटकदार चाली मराठी नाटकांत शिरल्या. १९११ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'मानापमान' मुंबईस रंगभूमीवर आलें. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनीं दिल्या, आणि उत्तर हिंदुस्थानांतील ठुमरी-दादऱ्याचा डौल मराठी पदाला लाभला. १९१६ सालच्या 'स्वयंवरां'त भास्करबुवा बखले यांच्यासारख्या थोर गवयाचें मार्गदर्शन मिळालें, आणि ख्यालगायकीचें दालनच उघडलें गेलें. पद आतां दोनचार श्वासांत आटोपेनासें झालें. त्याला आलाप आला, तान आली, बोलांची फिरत आली. पायपेटी, सारंगी आणि तबला यांची भरदार साथ आली. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलजी ज्या नाटक मंडळींत साथीला बसे, त्या मंडळीच्या पदांना केवढें मोल आलें असेल, हें सांगावयास नको.

या सर्वांचा मध्यबिंदू होता नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आलेला हा मुलगा १९१३ सालीं स्वतःच्या गंधर्व नाटक मंडळीचा एक मालक झाला, आणि पुढें दोन तपें महाराष्ट्रानें स्त्रीचें रूप आणि स्त्रीचें गाणें त्याच्या द्वारां ओळखलें. पद संपलें कीं प्रेक्षागृहांतून 'वन्स मोअर'ची आरोळी उठावी, बालगंधर्वांनीं तें पद पुन्हां, आणि प्रत्येक वेळीं नव्या जागा घेऊन, गावें, असा परिपाठ पडला. रात्रीं सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चाले. लोक बैलगाड्या जुंपून आसपासच्या गांवांहून येत आणि उजाडतां उजाडतां घरीं परतत. अशा प्रेक्षकाला पदें किती हें विचारण्याची गरज नव्हती. एका पदांतच त्याचे पैसे वसूल होत.

परंतु या आनंदाची किंमत कोणीतरी देत होतें. नायिका तिसऱ्यांदा पद आळवीत आहे आणि समोर उभ्या असलेल्या नायकानें चेहऱ्यावर तोच भाव धरून ताटकळत राहावयाचें, हें दृश्य नित्याचें झालें. प्रसंगांतला ताण सैल पडे. पत्र घेऊन धांवत आलेला दूत पत्र देण्यासाठीं विंगेंत खोळंबून राही. ध्वनिवर्धकाचा शोध रंगभूमीपर्यंत पोंचलेला नव्हता. पिटांतल्या शेवटच्या बांकापर्यंत आवाज पोंचविण्यासाठीं नटाला केवळ छातीचा जोर होता. आज येथें, चार दिवसांनीं दुसऱ्या गांवीं, असा मुक्काम हलवीत, रात्रीमागून रात्री जागून, गळा शाबूत ठेवणें हें केवढें दिव्य असेल! १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगपीठावर उभे राहिले, आणि प्रेक्षक कोणाचें पद कसें रंगतें हें तोलण्यासाठीं जिवाचा कान करून बसले. त्याच वर्षीं केशवराव ऐन तारुण्यांत वारले. त्यांच्या मागें ललितकलादर्श मंडळी चालविण्याचें ओझें बापूराव पेंढारकरांना उचलावें लागलें. एका गळ्यावर उभी राहिलेली मंडळी त्या गळ्याबरोबर डळमळते, हा धडा संगीत रंगभूमीनें अनेकदां घेतला आहे.

याच काळांतील दोन उदाहरणें मात्र पदांची मोजदाद करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें 'मानापमाना'चेंच. त्या नाटकांत धैर्यधर आणि भामिनी गाण्यानें प्रेक्षकांस जिंकीत. पण गणपतराव बोडसांचा लक्ष्मीधर रंगभूमीवर आला कीं हास्याच्या लाटा उसळत. बोडसांचा लौकिक गळ्याचा नव्हे, अभिनयाचा. गाण्याचा महापूर आलेल्या नाटकांतही न गाणाऱ्या नटाला मानाचें पान होतें. दुसरें उदाहरण राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चें. हें नाटक १९१९ सालीं, गडकरी निवर्तल्यानंतर, रंगभूमीवर आलें. त्याचीं पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं रचलीं. दारूच्या व्यसनानें धुळीला मिळणारा सुधाकर बोडस करीत आणि त्याची पतिव्रता सिंधू बालगंधर्व. फाटक्या लुगड्यांतल्या, उपाशी सिंधूनें गावें काय, असा आक्षेप घेतां येईल. परंतु पद्माकर भाऊ तिला माहेरीं नेऊं पाहतो आणि ती पतीला सोडून जाण्याचें नाकारते, त्या ठिकाणचें पद ज्यानें ऐकलें आहे तो हा आक्षेप घेणार नाहीं. तेथें तिचा निर्णय व्हावयाचा आहे, आणि तो त्या पदांतच होतो. तें पद काढून टाकलें तर प्रसंगाचा कणाच निघून जाईल. उलट, त्याच नाटकांत केवळ आवडत्या नटाचा गळा फिरावा म्हणून घेतलेली प्रत्येक अधिक तान सिंधूला तिच्या झोपडींतून उचलून बैठकींत नेऊन बसवील.

अतिरेक झाला कीं प्रतिक्रिया व्हावयाचीच. १९३१ सालीं हिंदुस्थानांत बोलपट आला, १९३२ सालीं मराठी बोलपट आला, आणि थोड्या आण्यांत तासदोन तासांचें गाणें-बोलणें मिळूं लागलें. एकामागून एक नाटक मंडळ्या बसल्या. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक आणलें. नॉर्वेचा नाटककार ब्यर्न्सन याच्या कृतीच्या आधारें श्रीधर विनायक वर्तकांनीं तें लिहिलें होतें. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, आणि पदें इतकीं थोडीं ठेवलीं कीं तीं बोटांवर मोजावीं. ज्योत्स्ना भोळे यांच्यासारखी गोड गळ्याची नटी हाताशीं असूनही संगीताचा मोह आवरला गेला, हें विशेष. १९४२ सालच्या मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'ला मास्टर कृष्णरावांच्या चाली लाभल्या. तेंही नाटक ज्योत्स्नाबाईंच्या गाण्यानें गाजलें. पण तें गाणें आटोपशीर होतें, आणि कथा बोलपटांत काम करणाऱ्या स्त्रीची असल्यामुळें तिच्या तोंडीं तें शोभून दिसे.

यापुढें संगीत नाटक संपलेंच, असें पुष्कळांना वाटलें. तें संपलें नाहीं. १९६० सालीं विद्याधर गोखल्यांचें 'पंडितराज जगन्नाथ' आलें, आणि घराण्याच्या गायकीची हौस अद्याप मेलेली नाहीं हें सिद्ध झालें. १९६४ सालच्या वसंत कानेटकरांच्या 'मत्स्यगंधे'ला जितेंद्र अभिषेकींनीं संगीत दिलें. पदें थोडीं, बांधेसूद, नाटकाचा पाय न अडविणारीं. रामदास कामतांचा पराशर हें त्या नाटकांतलें मुख्य पात्र नव्हे. कथेचा भार सत्यवती आणि देवव्रत यांच्यावर आहे. तरीही पराशराचीं पदें घरोघरीं पोंचलीं. रंगभूमीवर किती वेळ उभें राहावें आणि किती वेळ आठवणींत राहावें, यांचा परस्परांशीं संबंध नसतो, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाहीं.

मग १९६७ सालीं पुरुषोत्तम दारव्हेकरांचें 'कट्यार काळजांत घुसली' आलें, आणि या प्रश्नाचें एक नवेंच उत्तर मिळालें. पंडित भानुशंकर आणि खांसाहेब आफताब हुसेन यांच्या गायकीचा हा झगडा. पंडितजींचा शिष्य सदाशिव खांसाहेबांची विद्या मिळविण्यासाठीं त्यांच्याच दारीं येतो. वसंतराव देशपांडे खांसाहेब झाले. या नाटकांत नायक का गातो, असें कोणी विचारूं शकत नाहीं. कारण गाणें हीच येथली संपत्ति, गाणें हेंच शस्त्र, आणि गाण्याचाच अहंकार. दोन घराण्यांत फरक काय, हें भाषणानें सांगूं गेलें असतां तें व्याख्यान होईल. प्रेक्षकाच्या कानांवर दोन तऱ्हांनीं स्वर पडले कीं भांडणाचें मूळ आपोआप कळतें. येथें पदें कमी केलीं तर नाटक सुटसुटीत होणार नाहीं, तें कळेनासें होईल. किर्लोस्करांच्या नाटकांत गाणें हें संभाषण होतें. दारव्हेकरांच्या नाटकांत तें घटना झालें.

याच्या अगदीं उलट टोंकाला १९७२ सालचें विजय तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' उभें आहे. भास्कर चंदावरकरांचें संगीत सबंध नाटकाला व्यापून आहे. परंतु तें एका गळ्याचें नव्हे. रंगभूमीवर ओळीनें उभी राहणारी माणसांची भिंत गाते, नाचते, आणि पाहतां पाहतां पडद्यासारखी आडवी येते. या नाटकाला जातांना आवडत्या नटाला पदें किती, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. तेथें गातें तें सारें शहर. आणि २०१७ सालीं आलेल्या 'संगीत देवबाभळीं'त तर दोनच पात्रें आहेत: तुकोबांची आवली, आणि तिच्या पायांत कांटा रुतल्यावर तिची सेवा करावयास लखुबाईच्या रूपानें आलेली रखुमाई. दोघींचें बोलणें आणि दोघींचें गाणें यांच्या सीमारेषा एकमेकींत मिसळून जातात. किर्लोस्करांच्या साकी-दिंडीचा धागा इतक्या वर्षांनीं पुन्हां हातीं लागावा, तसें तें वाटतें.

एवढा प्रवास पाहिल्यानंतर प्रश्नाकडे परत वळावें. आवडत्या नटानें किती गावें? दोनशें, पन्नास, दहा, तीन, हे सारे आंकडे मराठी रंगभूमीनें वापरून पाहिले, आणि प्रत्येक आंकड्यानें कधीं यश दिलें तर कधीं अपयश. तेव्हां आंकड्यांत मर्म नाहीं हें उघड आहे. मर्म शोधावयाचें तर प्रेक्षकानें तीन साध्या गोष्टी पाहाव्या. पद सुरू होण्यापूर्वीं पात्र ज्या मनःस्थितींत होतें, तींतूनच तें पद निघालें कीं बाहेरून आणून चिकटविलें? पद संपल्यावर कथा होती तेथेंच आहे, कीं एक पाऊल तरी पुढें सरकली? आणि तेंच वाक्य साध्या बोलण्यांत सांगितलें असतें तर कांहीं हरवलें असतें काय? या तिन्हींचें उत्तर अनुकूल असेल तर विसावें पदही जड होणार नाहीं. प्रतिकूल असेल तर पहिलेंच पद लांबलेलें वाटेल, मग गळा कितीही गोड असो.

यांत प्रेक्षकाच्या आवडीपलीकडचाही एक प्रश्न गुंतलेला आहे. नाटक हें एकदां लिहिलें जातें आणि अनेक पिढ्यांनीं करावयाचें असतें. 'सौभद्र' आणि 'शारदा' आजवर टिकलीं, कारण त्यांतील पदें भूमिकेचीं आहेत. भाऊराव गेल्यावर तीं दुसऱ्यांना म्हणतां आलीं. जें नाटक एका नटाच्या गळ्याच्या मापानें बेतलें जातें, तें त्या नटाबरोबर पेटींत बंद होतें. पूर्वीं मंडळींत लहान वयांत आलेला मुलगा तेथेंच राही, तेथेंच जेवी; तालीममास्तर त्याला बोलावयास शिकवी आणि गवई गावयास. मंडळ्या गेल्या, आणि ती दुहेरी शाळाही गेली. आज अभिनयाचें शिक्षण एकीकडे मिळतें, गाण्याची तालीम गुरूकडे मिळते, आणि दोन्ही अंगीं बाणलेला तरुण विरळा. असा कोणी सांपडला कीं त्याच्यावर पदांचा वर्षाव करण्याचा मोह निर्मात्याला होतो, कारण तिकिटखिडकीवर तीच विचारणा होत असते. ध्वनिवर्धकामुळें छातीवरचा ताण कमी झाला हें खरें. पण सलग तीन अंक पात्र सांभाळणें, आणि मध्येंच गवई होऊन पुन्हां पात्रांत परतणें, हें काम यंत्रानें हलकें होत नाहीं. त्याला जेवढें गाऊन भूमिकेंत राहतां येतें, तेवढेंच त्याच्याकडून घ्यावें. त्यापुढचें प्रत्येक पद त्याच्यांतल्या नटाकडून उसनें घेतलेलें असतें.

हा हिशेब ठरविणारा मात्र नाटककार नव्हे, संगीतकारही नव्हे. तो ठरतो खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाच्या टाळीनें. 'वन्स मोअर'ची आरोळी कोठें द्यावी आणि कोठें आवरावी, हें ज्या प्रेक्षकाला कळतें, त्याच्यापुढें गायक नट निर्भयपणें थोडें गातो. ज्या घरांतून नवें संगीत नाटक पाहावयास मंडळी निघतील, त्यांनीं पदें किती हें खुशाल विचारावें. परत येतांना वाटेंत आणखी एक प्रश्न एकमेकांस विचारावा: आज ऐकलेल्यांपैकीं कोणतें पद नसतें तर नाटक अपुरें राहिलें असतें? असें एक पद जरी सांगतां आलें तरी तिकिटाचे पैसे सत्कारणीं लागले असें समजावें. आणि दोन सांगतां आलीं तर तें नाटक पुन्हां पाहावयास जावें.